तानपुरा न खाणारं सॉफ्टवेअर: घरच्या कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत रेकॉर्डिंग लागतं ते साधारण चार कामांसाठी: आपलाच रियाज ऐकून तपासायला, परीक्षेची तयारी म्हणून, पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना एखादं भजन पाठवायला, आणि घरच्या उत्सवातलं कीर्तन जपून ठेवायला. यातल्या एकाही कामाला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पैसे कधी मोजावेत, तेही पुढे येईलच. पण सॉफ्टवेअर फुकट आहे की विकतचं, याच्या आधीचा प्रश्न वेगळा आहे: आलेला आवाज ते जसाच्या तसा उतरवून घेतं, की आपल्या अकलेने सुधारायला जातं?

फोनमधले रेकॉर्डर आणि व्हिडिओ कॉलची ॲप्स मुळात बोलण्यासाठी केलेली. बोलणं तुटक असतं आणि पंख्याची घरघर अखंड असते, एवढ्या हिशेबावर ती अखंड आवाजाला गोंगाट समजतात. तानपुरा तर अखंडच वाजतो. त्यामुळे दोन-तीन सेकंदांत तो विरतो, गाताना मधूनच डोकावतो आणि पुन्हा नाहीसा होतो. दुसरी खोडी म्हणजे आवाजाची पातळी आपोआप समान करणं. मंद्रातला हळू स्वर वर उचलला जातो, त्याच्याबरोबर कूलरही; आणि तार षड्ज लागला की सगळंच दाबलं जातं. विलंबित ख्याल असा रेकॉर्ड केला तर बढत, म्हणजे रागाचा हळूहळू चढत जाणारा विस्तारच उरत नाही. १९१८ सालापासून माधव संगीत महाविद्यालय असलेल्या या गावात हे कुणाला चालण्यासारखं नाही.

सॉफ्टवेअरच्या आधी विंडोज

ही ढवळाढवळ पुष्कळदा खुद्द विंडोज किंवा लॅपटॉप कंपनीने घातलेलं ॲप करत असतं, म्हणून नवं काही उतरवण्याआधी हे काम उरका. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जा, इनपुटखाली आपला माइक निवडा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. टास्कबारवर रिअलटेक, डॉल्बी किंवा लॅपटॉप कंपनीचं स्वतःचं ऑडिओ ॲप दिसत असेल, तर ते उघडून त्यातलं ‘नॉइज सप्रेशन’ही बंद करा.

मग सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त मायक्रोफोनचं पान उघडा. तिथे डेस्कटॉप ॲप्सना माइक वापरू देण्याचं बटण चालू हवं. ते बंद असेल तर रेकॉर्डिंग सुरू झाल्यासारखं दिसतं, काटा पुढे सरकतो, पण पडद्यावर नुसती आडवी रेघ. ‘रेकॉर्ड होतंय पण ऐकू येत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं.

एक थर की अनेक?

आता निवडीचा खरा प्रश्न. तुम्ही एकदाच बसून, जे कानाला ऐकू येतंय ते सगळं एकत्र उतरवणार आहात? की आधी ठेका, मग त्यावर गाणं, मग हार्मोनियम, असे थर चढवणार आहात? पहिल्या कामाला एडिटर पुरतो. दुसऱ्याला मल्टिट्रॅक लागतं. बाकीची वैशिष्ट्यं, शेकडो वाद्यांचे आवाज आणि रंगीबेरंगी पडदे नवशिक्याने खुशाल विसरावेत.

विंडोजबरोबर येणारा साउंड रेकॉर्डर वेव्ह आणि फ्लॅक या आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल करतो. पण काटछाट करायची सोय नाही म्हणण्याइतकी कमी आणि पातळी नेमकी मोजता येत नाही. गुरुजींनी सांगितलेली बंदिश पटकन टिपून घ्यायला ठीक.

ओसेनऑडिओ ब्राझीलमध्ये तयार झालेलं, फुकट आणि हलकं आहे. फाइल उघडा, नको तो भाग कापा, सेव्ह करा. इफेक्ट लावण्याआधी त्याचा परिणाम ऐकता येतो, ही त्याची मोठी सोय. थर मात्र चढवता येत नाहीत. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर आजीची स्तोत्रं रेकॉर्ड करायची असतील, तर आम्ही हेच सुचवू.

ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट मिळतं, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. दिसायला जुनाट, पण वरच्या चारही कामांना पुरून उरतं. २०२१ साली म्यूझ ग्रुपने ते ताब्यात घेतलं तेव्हा खासगीपणावरून बरीच ओरड झाली होती. तुमचं रेकॉर्डिंग ते कुठे पाठवत नाही. ‘अपडेट आहे का’ हे तपासायला इंटरनेटवर जातं, आणि तेही प्रेफरन्सेसमधून बंद करता येतं. कुठलं घ्यावं हे ठरत नसेल, तर हे घ्या.

मॅक असेल तर गॅरेजबँड ॲपलकडूनच फुकट मिळतं आणि थरांसाठी उत्तम आहे. फक्त नव्या प्रोजेक्टमध्ये त्याचा मेट्रोनोम सुरू असतो, तो आधी बंद करा. टकटक इअरफोनमधून माइकमध्ये शिरते.

रीपर हे विकतचं. पूर्ण सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघता येतं, आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा, म्हणजे रुपयांत पाच हजारांच्या पुढे. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. तबला, हार्मोनियम आणि गायक यांना वेगवेगळे माइक लावून एकाच वेळी स्वतंत्र ट्रॅकवर घ्यायचं असेल आणि त्यासाठी अनेक इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी, घरात असेल, तरच या वाटेला जा. एका यूएसबी माइकवर रीपरमधून निघणारा आवाज ऑडॅसिटीपेक्षा तसूभरही चांगला नसतो.

फुकट म्हणून जाहीर झालेलं नेहमी तसंच राहतं असं नाही. केकवॉक हे विंडोजवरचं मल्टिट्रॅक सॉफ्टवेअर २०१८ साली फुकट झालं, नंतर २०२३ मध्ये कंपनीने नव्या विकतच्या आवृत्तीची घोषणा केली. म्हणून जुनी रेकॉर्डिंग्ज कुठल्याही सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलमध्ये अडकवून ठेवू नका, वेव्ह करून ठेवा.

डाउनलोड करताना सॉफ्टवेअरच्या मूळ साइटवरच जा. शोधात वर येणाऱ्या जाहिरातींतल्या मोठ्या हिरव्या ‘डाउनलोड’ बटणांबरोबर नको ते सामान घरात येतं. ओळखीचा कुणी महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली कॉपी पेनड्राइव्हवर आणून देईल, तीही नको. क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो, त्यातच सगळं आलं.

पहिलं रेकॉर्डिंग, ऑडॅसिटीवर

आवृत्तीप्रमाणे मेन्यूंच्या जागा थोड्या बदलतात, क्रम हाच.

१. माइक आधी लावा, मग ऑडॅसिटी उघडा. उलटं केलं तर माइक यादीत दिसत नाही.

२. ‘ऑडिओ सेटअप’ बटणातून रेकॉर्डिंग डिव्हाइस म्हणून तोच माइक निवडा. लॅपटॉपचा आतला माइक निवडलेला राहिला, तर पुढे कितीही चांगला माइक धरा, रेकॉर्ड होणार ते कीबोर्डजवळचंच. खात्री करायला माइकच्या जाळीवर नख घासा आणि मीटर बघा.

३. तिथेच चॅनेल ‘मोनो’ करा. एका माइकवर स्टिरिओ ठेवलं की पुष्कळदा आवाज एकाच कानात येतो. तसं झालेलं रेकॉर्डिंग फुकट जात नाही: ट्रॅकच्या मेन्यूतून ‘स्प्लिट स्टिरिओ टु मोनो’ करा आणि रिकामा ट्रॅक काढून टाका.

४. क्वालिटीत सॅम्पल रेट ४४१०० आणि फॉरमॅट ३२-बिट फ्लोट असतो, तो तसाच राहू द्या.

५. पातळी लावताना ‘हॅलो, हॅलो’ म्हणू नका. तार सप्तकातली जास्तीत जास्त जोराची तान घ्या आणि मीटरचं टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील इतका इनपुट व्हॉल्यूम ठेवा. शून्याला आपटलेला स्वर फाटतो आणि पुन्हा शिवता येत नाही. ३२-बिट फ्लोट यात वाचवत नाही, कारण आवाज फाटतो तो माइकच्या आतच, सॉफ्टवेअरपर्यंत पोचण्याआधी.

६. माइक तोंडासमोर न धरता जरा बाजूला, एक ते दीड फुटावर ठेवा. अगदी समोर धरला की प, फ, भ या अक्षरांना हवेचा धक्का बसतो. तानपुऱ्याचं ॲप स्पीकरवर लावणार असाल, तर स्पीकर तीन-चार फूट लांब आणि माइकच्या पाठीमागे असू द्या.

७. ‘आर’ दाबून रेकॉर्डिंग सुरू करा आणि तानपुरा लावण्याआधी पाच सेकंद गप्प बसा. ही शांतता वाया जात नाही, पुढचा मजकूर तिच्यावरच चालतो.

गोंगाट काढताना तानपुरा वाचवायचा

इथे भले भले घसरतात. ऑडॅसिटीतलं ‘नॉइज रिडक्शन’ दोन पावलांत चालतं. आधी नुसत्या गोंगाटाचा तुकडा निवडून ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबायचं, मग सगळं रेकॉर्डिंग निवडून इफेक्ट लावायचा. निवडलेल्या तुकड्यात तानपुरा वाजत असेल, तर तानपुऱ्यालाच गोंगाट ठरवलं जातं. मग तो सगळीकडून पुसला जातो आणि त्याच्याशी जुळलेले गायकाचे षड्ज-पंचमही पोकळ होतात, पाण्याखालून आल्यासारखे. म्हणून तुकडा त्या पहिल्या पाच सेकंदांचाच घ्या.

‘नॉइज रिडक्शन’चा आकडा १२ डेसिबल ठेवला, तर गाण्याला तो जास्त होतो. ६ ते ९ पुरेत. लावण्याआधी ‘रेसिड्यू’ हा पर्याय निवडून ‘प्रिव्ह्यू’ ऐका. जे काढून टाकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येतं. त्यात नुसती घरघर असेल तर ठीक. गळा किंवा जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांची झणकार, ऐकू आली, तर आकडा खाली आणा.

दुसरा सापळा ‘हाय-पास फिल्टर’चा. खालची घुमघुम काढायला तो ८० किंवा १०० हर्ट्झवर लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झला येतो, तानपुऱ्याचा खर्ज ६९ ला. म्हणजे ८० वर फिल्टर लावला की खर्जाचा पायाच कापला गेला. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा खर्ज १०४ च्या आसपास, तिथे ८० चालेल, १०० नको. पुरुषांच्या पट्टीला ५५-६० च्या वर जाऊ नका.

एका गोष्टीवर मात्र सॉफ्टवेअरकडे इलाज नाही, ती म्हणजे खोलीचा घुमारा. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांची छतं उंच आणि फरशी दगडी. तिथे गायला फार बरं वाटतं आणि रेकॉर्डिंग विहिरीतल्यासारखं येतं. खाली सतरंजी आणि गादी घाला, आणि गायकाच्या पाठीमागच्या भिंतीला जाड रजई टांगा. माइकचं तोंड गायकाकडे असतं, त्यामुळे मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तो सगळ्यात जास्त पकडतो. रजई पुढे टांगून फारसा उपयोग नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की कूलर बंद करून गाणं ही शिक्षाच. खोली आधी गार करून घ्या आणि दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडा, किंवा पहाटे बसा.

‘हूं’ असा सलग आवाज येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आपल्या विजेचे ५० हर्ट्झ चार्जरमधून आत शिरतात. लाइट गेल्यावर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे आणखी वाढतं आणि पंखेही करकरतात. रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. मध्येच लाइट गेली तरी काही बिघडत नाही.

ठेक्यावर गाणं: थर आणि उशीर

तबल्याचं ॲप किंवा साइट त्याच कॉम्प्युटरवर असेल, तर ठेका माइकमधून घेऊ नका. ऑडिओ होस्ट ‘विंडोज वासापी’ करा आणि रेकॉर्डिंग डिव्हाइसमध्ये नावापुढे ‘लूपबॅक’ लिहिलेला स्पीकर निवडा. ठेका थेट आतल्या आत उतरतो, स्वच्छ. झालं की डिव्हाइस परत माइकवर आणा. हे विसरलं की दुसऱ्या ट्रॅकवर गाण्याऐवजी तबलाच दुसऱ्यांदा येतो.

आता इअरफोन लावून ‘शिफ्ट+आर’ दाबा. नवा ट्रॅक उघडतो, ठेका कानात वाजतो आणि तुमचं गाणं खाली उतरतं. ऐकून बघितलं तर कदाचित प्रत्येक समेला तुम्ही मागे पडलेले. गळ्याचा दोष नव्हे. आवाज कॉम्प्युटरमधून बाहेर जाऊन परत आत यायला वेळ लागतो. ऑडॅसिटी यासाठी मुळातच उणे १३० मिलिसेकंदांची दुरुस्ती धरतं, पण प्रत्येक यंत्राचा उशीर निराळा. मिनिटाला १२० मात्रांच्या मध्यलयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे १३० ची चूक पाव मात्रेहून मोठी. द्रुत तीनतालात, २४० च्या लयीत, तीच अर्धी मात्रा ओलांडते.

मोजायचं असं: ‘जनरेट’मधून ‘रिदम ट्रॅक’ तयार करा. इअरफोन माइकला टेकवा आणि ‘शिफ्ट+आर’ने तो दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. पडदा मोठा करून दोन्ही ट्रॅकांतल्या ठोक्यांचं अंतर बघा. खालचा ४० मिलिसेकंद उशिरा असेल, तर प्रेफरन्सेसमधल्या ‘लेटन्सी कॉम्पेन्सेशन’चा आकडा उणे १३० वरून उणे १७० करा. लवकर असेल तर तितका कमी. एकदा केलं की तोच माइक आणि तेच इअरफोन असेपर्यंत पुन्हा बघावं लागत नाही.

इअरफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथचा उशीर जास्त, शिवाय कमी-जास्त होत राहणारा. त्यातून ब्लूटूथचाच माइक निवडला गेला, तर हेडसेट फोनकॉलच्या पद्धतीवर जातो आणि गाणं टेलिफोनवरून ऐकल्यासारखं होतं. ‘सॉफ्टवेअर प्लेथ्रू’ बंद ठेवा, नाहीतर स्वतःचाच आवाज कानात मागाहून येतो आणि लय सुटते. एक कान उघडा ठेवून गा, ते सगळ्यात सोपं.

दोन तासांचं कीर्तन

ऑडॅसिटीच्या मोनो, ३२-बिट फ्लोटमध्ये मिनिटाला साधारण १०.६ एमबी लागतात. दोन तासांना सव्वा जीबीच्या थोडं वर. डिस्कवर ५ जीबी मोकळी असू द्या, कारण काटछाट करताना फाइल फुगते. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवू नका, मधले मधले तुकडे गळतात. लॅपटॉपचं ‘स्लीप’ बंद करा. कॉम्प्युटरला कीर्तन कळत नाही, अर्ध्या तासात कुणी बटण दाबलं नाही की तो झोपतो.

कीर्तन लाउडस्पीकरवर असेल तर भोंग्यापुढे माइक धरण्यापेक्षा मिक्सरमधून लाइन-आउट मागा. पण ती वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात सरळ खुपसू नका. लाइनची पातळी माइकच्या कितीतरी पट जास्त असते, सगळं फाटून येतं. मध्ये लाइन इनपुट असलेला यूएसबी इंटरफेस हवा. ग्वाल्हेरच्या ढोलीबुवा मठाच्या परंपरेतली हरिकथा इथल्या तानसेन समारोह या संगीत महोत्सवाच्या आरंभी होते. तशा उघड्या मांडवात तर मिक्सरशिवाय मार्ग नाही.

रेकॉर्डिंग चालू असताना ‘कंट्रोल+एम’ दाबलं की तिथे खूण पडते आणि तिला देवनागरीत नाव देता येतं: पूर्वरंग, नामजप, उत्तररंग, आरती. नंतर एक्स्पोर्ट करताना ‘मल्टिपल फाइल्स’ आणि ‘लेबल्स’ निवडा, प्रत्येक भागाची स्वतंत्र फाइल आपोआप होते. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर घाबरू नका. ऑडॅसिटी पुन्हा उघडल्यावर अर्धवट प्रोजेक्ट परत मिळवायचा का, हे ते स्वतः विचारतं, ‘रिकव्हर’ म्हणा. तिथे घाईने ‘डिस्कार्ड’ दाबलं तर गेलं.

पाठवायचं कसं

‘सेव्ह’ केल्यावर जी ‘एयूपी३’ फाइल होते, ती फक्त ऑडॅसिटीलाच समजते. पुण्याच्या मावशींना ती पाठवली तर त्यांच्या फोनवर काहीच उघडणार नाही. आधी सगळं निवडून ‘नॉर्मलाइझ’ने टोक उणे १ डेसिबलवर आणा. ‘कॉम्प्रेसर’ लावू नका. तो मंद्र आणि तार एका पातळीवर आणतो, म्हणजे फोनच्या ज्या खोडीपासून सुटका हवी होती तीच परत येते. मग ‘एक्स्पोर्ट’ दोनदा करा. जपायला २४-बिट वेव्ह. पाठवायला एमपी३, १९२ केबीपीएसवर, मिनिटाला साधारण दीड एमबी. व्हॉट्सॲपवर ती डॉक्युमेंट म्हणून जोडा, आणि फाइलच्या नावात राग, ताल, पट्टी, तारीख घाला: ‘यमन-तीनताल-काळी चार’ वाचून काय आहे ते कळतं, ‘न्यू प्रोजेक्ट ७’ वाचून नाही.